फादरांचं माहेरपण

शॅनन विमानतळावर बॉस्टनच्या विमानात पाय ठेवण्याआधीच अमेरिकेत शिरावं लागतं. अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम, दोन्ही तिथेच, आयर्लंडच्या जमिनीवर उरकतं. पलीकडे उतरल्यावर मग कुणी काही विचारत नाही. 2024 च्या जुलैत त्या काउंटरपुढे मी फादरांच्या मागे उभी होते. अधिकाऱ्याने विचारलं, सामानात खाण्यापिण्याचं काय आहे?

"दोन ब्राउन ब्रेड," फादर म्हणाले. "आणि मोठ्या बॅगेत विहिरीच्या पाण्याची बाटली."

"कुठल्या विहिरीच्या?"

"लिसकॅनरच्या. सेंट ब्रिजिडच्या."

"कुणासाठी?"

"बहिणीसाठी."

एक्याऐंशी वर्षांच्या माणसाने 'बहिणीसाठी' हा शब्द ज्या सुरात उच्चारला, तो सूर मी ओळखला. वसईला आमच्या घरी दर मे महिन्यात माझी आत्या राहायला येई. सासर तिचं आगाशीला, म्हणजे फार लांब नव्हे. पण पिशवी घेऊन अंगणात शिरतानाच तिचं चालणं वेगळं दिसे. डोक्यावरचा पदर आपोआप खांद्यावर यायचा. फादरांकडे बघून मला तिची आठवण झाली. फादर माहेरपणाला निघाले होते.

मी क्लेअर काउंटीत नर्स आहे, अठरा वर्षं झाली. आमच्या लहानशा पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, फादर मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना करतात. पंचाहत्तरीला ते निवृत्त झाले, पण ते कागदावर. त्यांच्या जागी पाठवायला तरुण धर्मगुरू नाही, म्हणून रविवारची मिस्सा, लग्नं, मयती, शाळेतल्या मुलांचं पहिलं कम्युनियन, सगळं चालूच आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मिस्सा संपल्यावर दारात उभे राहून त्यांनी विचारलं, तुमच्याकडे मिस्सा कुठल्या भाषेत होते? मराठीत, म्हटल्यावर म्हणाले, मग प्रभूची प्रार्थना म्हणून दाखव. चर्चच्या पायरीवर, भुरभुर पावसात मी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' पूर्ण म्हटली, आणि ते टोपी काढून ऐकत राहिले. त्या दिवसापासून त्या परक्या गावात मला एक घर झालं.

आता गुडघे आणि कान दोन्ही कुरकुरतात, त्यामुळे एकट्याने प्रवास नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझी थोरली बहीण वूस्टरजवळ राहते, मलाही तिच्याकडे जायचंच होतं. म्हटलं, फादर, एकाच विमानाने जाऊ. त्यांच्या गैरहजेरीत पॅरिश सांभाळायला केरळचा एक तरुण फादर आला. हे बदलाचं चक्र मला फार विचार करायला लावतं. 1970 नंतरच्या कितीतरी उन्हाळ्यांत फादर स्वतः असेच अमेरिकेत बदली म्हणून जात. तिकडचा धर्मगुरू रजेवर गेला की त्याच्या पॅरिशमध्ये महिनाभर मिस्सा करायच्या; राहायला खोली मिळे, वर थोडं मानधन मिळे, त्यातून तिकिटाचे पैसे सुटत. बहिणीला भेटण्याचा खेड्यातल्या धर्मगुरूला परवडणारा तेवढाच मार्ग होता. एके काळी जगभर धर्मगुरू पाठवणाऱ्या देशात आज वेदीपाशी आमच्याकडचे फादर उभे राहतात.

फादरांचं गाव लूप हेडच्या वाटेवर, जिथे क्लेअरची जमीन संपते आणि पुढे थेट अमेरिकेपर्यंत समुद्र. थोडी शेती, चार गाई. बहीण चार वर्षांनी मोठी. 1957 मध्ये, अठराव्या वर्षी, ती गेली. त्या दशकात आयर्लंडमधून माणसं अशी ओसरत होती, की 1961 च्या जनगणनेत प्रजासत्ताकाची लोकसंख्या 28 लाखांवर आली. त्याहून कमी ती कधीच झालेली नाही. जाणाऱ्यातले बहुतेक इंग्लंडला जात, पण पश्चिम क्लेअरमधल्या घराघरातून बॉस्टनची वाटही मळलेली होती.

जाण्याच्या आदल्या रात्री घरी माणसं जमायची. जुने लोक त्या रात्रीला 'अमेरिकन वेक' म्हणत. वेक म्हणजे मयताच्या उशाशी बसून काढलेली रात्र. जिवंत माणसासाठी तशी रात्र जागवायची, कारण समुद्रापलीकडे गेलेलं माणूस परत दिसेल याची खात्री कुणालाच नसे. त्या रात्री स्वयंपाकघरात कुणीतरी मेलोडियन वाजवत होतं, शेजारपाजारचे नाचत होते आणि आई चुलीपाशी पाठ करून उभी होती, हे फादरांनी मला विमानात सांगितलं. पहाटे ताईला कोव्ह बंदराकडे घेऊन गाडी निघाली. चौदा वर्षांचे फादर तिच्या मागे वळणापर्यंत धावले आणि मग गाई धारा काढायला थांबल्या होत्या म्हणून घरी परतले.

"रडलात?" मी विचारलं.

"गाईला कळतं," ते म्हणाले. "तिने बादलीला लाथ मारली."

1963 मध्ये आई गेली. तार बॉस्टनला पोचली, पण आयर्लंडमध्ये तिसऱ्या दिवशी माती देतात. तेवढ्यात ताई येणार कशी? टेलिफोन कंपनीत ती दुसऱ्यांचे फोन जोडून देत बसली होती, आणि तिच्या स्वतःच्या घरी फोन नव्हता.

बॉस्टनजवळच्या क्विन्सीतलं तिचं घर साधं लाकडी आहे, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. दार उघडलं तेव्हा वॉकरला धरून एक ठेंगणी म्हातारी उभी होती. तिने फादरांकडे वर बघितलं आणि त्यांना हाक मारली.

ती हाक मी इथे लिहिणार नाही. ते त्यांचं लहानपणीचं नाव आहे, आयरिश भाषेतलं, मागे लाडाचा प्रत्यय लावलेलं. जसं आपल्याकडे कुणाचं बाळू, कुणाचं सोनू होतं. अठरा वर्षांत मी त्यांच्यासाठी ते कुणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. दुकानात, पोस्टात, दवाखान्यात, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना फादरच म्हणतात. बिशप पत्रात फादर लिहितात. ते नाव ज्यांना ठाऊक होतं त्या सगळ्यांना त्यांनी स्वतःच मूठमाती दिली आहे, एका बहिणीखेरीज. हाक ऐकली आणि त्यांचे खांदे खाली आले. नर्स म्हणून खांद्यांकडे माझं लक्ष आधी जातं. दुखणं थांबल्यावर माणसाचे खांदे जसे सैल पडतात, अगदी तसे.

"वाळलास," ती म्हणाली. "ब्रेड आणलास?"

मलाही वसईत 'बाय' म्हणणारी आता एकच मावशी उरली आहे. ती फोनवर बाय म्हणते तेव्हा मी जिथे असेन तिथे बसून घेते.

फादरांच्या बहिणीला मी आत्या म्हणू लागले. फादर म्हणजे बाप, मग बापाची बहीण आत्याच. तिला अर्थ सांगितला तर फार आवडलं. एवढ्या प्रवासानंतरही ब्रेड तिने चहाच्या टॉवेलमधून सोडवून आधी नाकाला लावला. अमेरिकेतल्या पिठाला तो वास येत नाही, म्हणाली. ताकही इथलं निराळं. सदुसष्ट वर्षांत तिने किती पिठं बदलून पाहिली असतील! जाड लोणी लावून एक कड भावाच्या ताटात, एक माझ्या. विहिरीचं पाणी दाराजवळच्या छोट्या चिनीमातीच्या भांड्यात ओतलं गेलं. जाता-येता त्यात बोट बुडवून कपाळाला लावायचं.

भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जातो, हे मी तिला सांगितलं. ओवाळणी काय घालतो, तिने विचारलं. मग भावाकडे हात पसरून म्हणाली, दे. फादरांनी खिसे चाचपले आणि जपमाळ निघाली, ती तिच्या हातावर ठेवली. तिने ती घेतली आणि परत दिली नाही.

मधले काही दिवस मी माझ्या बहिणीकडे राहिले. पण एक दिवस मुद्दाम आले, फादरांना त्यांच्या मित्राकडे न्यायचं होतं. दोघे एनिसच्या सेंट फ्लॅनन्स कॉलेजात एका बाकावर शिकले. एक क्लेअरमध्येच राहिला. दुसरा डब्लिनच्या ऑल हॅलोजला गेला; 1842 पासून ते कॉलेज परदेशी पाठवण्यासाठीच धर्मगुरू घडवत होतं. तिथून अमेरिका, आणि आता निवृत्त धर्मगुरूंच्या निवासात एक खोली. त्यांचं कॉलेजही आता राहिलेलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ते बागेतल्या बाकावर बसले होते. मिठी वगैरे काही नाही. शेजारी जागा केली, फादर बसले. हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाबद्दल बोलणं झालं, कोण गेलं कोण आहे ते झालं. मग मित्राने खिशातून एक घडी केलेली जांभळी पट्टी काढली. कन्फेशनच्या वेळी धर्मगुरू गळ्यात घालतात ती स्टोल. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "आम्हा दोघांनाही कमी ऐकू येतं."

मी समजले. पार पार्किंगपर्यंत गेले आणि पाठ करून उभी राहिले. पण एकदा वळून बघितलंच. स्टोल मित्राच्या गळ्यात होती आणि फादर डोकं खाली घालून बोलत होते. थोड्या वेळाने बघितलं तर फादरांनी त्याच्या गळ्यातली ती काढून स्वतःच्या गळ्यात घातली होती आणि आता मित्र बोलत होता, फादरांचा हात त्याच्या डोक्यावर होता. एकच कापड, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात. पन्नास-पंचावन्न वर्षं ज्यांनी गावाच्या गाव लोकांची पापं ऐकून पोटात ठेवली, त्यांनी स्वतःचं कुणापुढे ठेवायचं? हा प्रश्न मला, जन्मापासून चर्चमध्ये वाढलेल्या बाईला, कधी पडलाच नव्हता. दरवर्षी उन्हाळ्यात फादर समुद्र ओलांडून येतात त्याचं हेही एक कारण होतं.

परतताना गाडीत फादर झोपले. घोरत होते, लहान मुलासारखे.

भाचीबद्दल लिहायला हवं. आत्याची ही मुलगी फादरांनीच लग्न लावलेली, तिची मुलं त्यांनीच बाप्तिस्मा दिलेली. 2002 च्या जानेवारीत बॉस्टन ग्लोब या वृत्तपत्राने धर्मगुरूंनी लहान मुलांवर केलेले अत्याचार आणि ते वर्षानुवर्षं कसे झाकले गेले हे छापायला सुरुवात केली. त्याच वर्षी डिसेंबरात बॉस्टनचे आर्चबिशप कार्डिनल लॉ यांना पद सोडावं लागलं. भाचीने चर्चमध्ये जाणं तेव्हाच थांबवलं. 2009 मध्ये आयर्लंडमध्येही एकामागून एक दोन अहवाल आले आणि तिथल्या मुलांचं काय झालं तेही सगळ्यांपुढे आलं. मी कॅथलिक आहे, नर्स आहे, आई आहे. जे झालं त्याला माझ्या शब्दकोशात क्षमा हा शब्द नाही, आणि ज्यांनी झाकलं त्यांच्यासाठी तर नाहीच. फादर त्यानंतर प्रवासात कॉलर घालत नाहीत. लाज वाटते म्हणून नव्हे, त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. शेजारच्या सीटवर कोण बसलंय आणि ती कॉलर बघून त्याला काय आठवेल, हे मला माहीत नसतं.

त्या संध्याकाळी भाची भांडी घासत होती, फादर पुसत होते, मी कपाटात लावत होते. नळ बंद करून ती म्हणाली, "बावीस वर्षांत तुम्ही मला एकदाही विचारलं नाही, मी का येत नाही."

फादर हातातली बशी पुसत राहिले. "का येत नाहीस ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी विचारलं असतं तर उत्तर तुला द्यावं लागलं असतं. उत्तर द्यायचं ते आम्ही."

ती काही बोलली नाही. पुढची बशी त्यांच्या हातात दिली.

शनिवारी संध्याकाळी घरातच मिस्सा झाली. आत्याचं चर्च, जिथे तिचं लग्न झालं, ते 2004 मध्ये आर्चडायोसीसने, म्हणजे आर्चबिशपांच्या धर्मप्रांताने, अनेक पॅरिश बंद केले त्यात गेलं. आता तिथे फ्लॅट आहेत. दुसऱ्या चर्चपर्यंत तिचे पाय पोचत नाहीत. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरं कापड, दोन मेणबत्त्या, आणि फादरांनी सुती पिशवीतून काढलेला चषक. फादरांच्या गावाकडे ही काही नवी गोष्ट नाही. 1850 च्या दशकात किलबाहाला जमीनदार चर्चसाठी जागा देईना, तेव्हा तिथल्या फादर मीहान यांनी चाकांवरची एक लाकडी पेटी करवून घेतली. ती ते समुद्रकाठी भरती आणि ओहोटीच्या रेषांमध्ये नेत, कारण तेवढ्या वाळूवर जमीनदाराची सत्ता चालत नसे. पेटीत वेदी, आणि बाहेर वारापावसात गुडघे टेकलेली माणसं. 1857 मध्ये मोनीनला चर्च उभं राहिलं; ती पेटी आजही तिथे ठेवलेली आहे. मी बघून आले आहे. दोन माणसं दाटीने उभी राहतील एवढीच आहे.

टेबलाभोवती आत्या, तिचा मुलगा, सून, तीन नातवंडं आणि मी. भाची आली होती. ती फ्रिजपाशी उभी राहिली, शेवटपर्यंत.

मिस्सा झाल्यावर फादरांनी चषक धुतला आणि आत्याकडे पुसायला दिला. तिने तो उलटा केला. पायाच्या तळाशी एक बारीक सोन्याची अंगठी डाग देऊन बसवलेली होती. त्यांच्या आईची, लग्नातली. 1968 मध्ये फादरांना दीक्षा मिळाली तेव्हा चषकाचे पैसे आत्याने बॉस्टनहून पाठवले होते आणि अंगठी बाबांनी पेटीतून काढून दिली होती. मुलाच्या चषकात आईची अंगठी बसवायची अशी तिकडे चाल आहे. आत्या त्या अंगठीवरून अंगठा फिरवत राहिली. आतल्या बाजूने झिजलेली आहे, मला म्हणाली, बघ. मी बोट लावलं. खरंच, एका बाजूला पातळ झाली होती. बादल्यांच्या कड्यांनी, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, 21 जुलैला, ऑल-आयर्लंड हर्लिंगची फायनल. क्लेअर विरुद्ध कॉर्क. डब्लिनला दुपारचे साडेतीन म्हणजे क्विन्सीत सकाळचे साडेदहा. आत्याच्या गळ्यात केशरी-निळा मफलर, जुलैच्या उकाड्यात. क्लेअरचे हे रंग बघून मला दरवेळी पालखीतल्या पताका आठवतात. क्लेअरने 1914 मध्ये किताब जिंकला आणि त्यानंतर थेट 1995 मध्ये. मध्ये 81 वर्षं, म्हणजे फादरांचं आजचं वय. त्यांचे बाबा 1994 च्या हिवाळ्यात गेले, एक वर्ष कमी पडलं. 1995 च्या विजयानंतर फादर रात्री कब्रस्तानात गेले होते आणि बाबांना मोठ्याने स्कोअर सांगून आले होते.

सुरुवातीला कॉर्क पुढे पळत सुटलं. आत्याने डोळे मिटून घेतले आणि भावाकडून घेतलेली ती जपमाळ हातात धरली. मग क्लेअर हळूहळू जवळ आलं. कॅप्टन टोनी केलीने बचावातून वाट काढत गोल मारला तेव्हा फादर गुडघे विसरून उभे राहिले. पूर्ण वेळेत बरोबरी. जादा वेळ. शेवटी 3-29 विरुद्ध 1-34. हर्लिंगमध्ये पहिला आकडा गोलांचा, दुसरा सुट्या गुणांचा; एका गोलाचे तीन गुण, म्हणजे 38 विरुद्ध 37. एका गुणाने. शिट्टी वाजली आणि त्या बसक्या छताच्या खोलीत पंच्याऐंशी वर्षांच्या बहिणीने एक्याऐंशी वर्षांच्या भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तीच हाक पुन्हा पुन्हा मारली. कुणीतरी खिडकी उघडली. समुद्राचा वास आत आला.

"बाबांना सांग," ती म्हणाली. "गेलास की सांग."

गुरुवारी आम्ही निघालो. दारात कुणी रडलं नाही. आत्याने फॉइलमध्ये बांधलेलं सँडविच फादरांच्या कोटाच्या खिशात कोंबलं, विमानात देतात ते खाऊ नकोस म्हणाली. वॉकर धरून ती पायरीपर्यंत आली. गाडी वळणावर पोचली तेव्हा फादरांनी ड्रायव्हरला सावकाश घ्यायला सांगितलं आणि मान वळवून मागे बघत राहिले. ह्या खेपेला गाडीत ते होते आणि मागे ती उभी होती.

बॉस्टनच्या लोगन विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेत त्यांची हातातली बॅग मी उचलली तर हलकी लागली. सुती पिशवी नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलं.

"तिच्याकडे ठेवला," फादर म्हणाले. "अंगठी तिचीच आहे."

शॅननला पहाटे उतरलो. क्लेअरमध्ये उजाडलं होतं, पाऊस होताच. बाहेर पॅरिशमधली तिघं जण घ्यायला आली होती, हातात केशरी-निळे झेंडे. वेलकम होम, फादर. काय मॅच झाली, फादर. तुमची बॅग द्या, फादर. फादर सगळ्यांशी हात मिळवत होते, त्यांचे खांदे पुन्हा सरळ झाले होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कानांमुळे ते नेहमी स्पीकरवरच घेतात. क्विन्सीत तेव्हा मध्यरात्र उलटली होती. त्या सगळ्या फादर-फादरमधून, विमानतळाच्या दारात, बहिणीची हाक ऐकू आली.